एकबारी नेमबाजीची रायफल : ओळख आणि उकल

एका वेळी एकच काडतूस घेणारी, मॅगझिन नसलेली आणि नळीत आतून पेच असलेली बंदूक म्हणजे एकबारी रायफल. बार झाला की दांडा ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, दुसरे काडतूस हाताने आत ठेवायचे आणि दांडा मिटायचा. लढाईत ही सावकाशी महागात पडू लागली, म्हणून १९व्या शतकाच्या अखेरीस फौजांनी मॅगझिनच्या रायफली घेतल्या. चांदमारीच्या मैदानाने मात्र एकबारीला सोडले नाही. काडतुसांची पेटी नसली की रायफलीचा सांगाडा भरीव ठेवता येतो, हलणारे भाग मोजकेच राहतात आणि चाप दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा क्षण आखूड ठेवता येतो. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य आणले. या दोन्ही प्रकारांत आजही पॉइंट टू-टूची रायफल एकेक काडतूस हाताने भरूनच चालवतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जुनी एकबारी रायफल समोर येते तेव्हा ती बहुधा तीनपैकी एका वाटेने आलेली असते. पहिली वाट सरकारी. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचे हत्यार ठेवण्याचे धोरण होते. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. गोऱ्यांनी मॅगझिनची ली-मेटफर्ड घेतल्यावर मार्टिनी खाली उतरली आणि पुढे पोलिसांपर्यंत झिरपली. दुसरी वाट संस्थानी. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले, पण औंध, फलटण, जत, सांगली आणि मिरजेच्या थोरल्या-धाकट्या पाती १९४८ पर्यंत टिकल्या. विलायती कारखान्यांच्या शिकारी आणि नेमबाजीच्या रायफली बाळगणे संस्थानिकांना परवडत होते आणि शोभतही होते. तिसरी वाट क्लब, रेल्वे आणि शाळांची. मिरजेवरून जाणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेचे स्वयंसेवक रायफल दल होते. स्वातंत्र्यानंतर एनसीसी आली आणि १९६१ साली साताऱ्यात देशातले पहिले सैनिक स्कूल निघाले.

पलटणीत माणसे पाठवण्यासाठी सातारा जिल्ह्याचे नाव आहे. एकट्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. म्हणून फौजी घराण्यातली प्रत्येक जुनी बंदूक पणजोबांनी मेसोपोटेमियातून आणली, असे सांगण्याची रीत पडली आहे. पण निवृत्त होणारा शिपाई सरकारी रायफल शस्त्रागारात जमा करूनच घरी येई. घरात सापडणारी रायफल बहुतेक वेळा नंतर परवान्यावर विकत घेतलेली असते, आणि घराण्याच्या आठवणीपेक्षा तो परवानाच जास्त खरे बोलतो. परवान्यावर ‘दक्षिण सातारा’ असा शिक्का असेल तर तो १९४९ ते १९६० या काळातला, कारण आजचा सांगली जिल्हा तेवढीच वर्षे त्या नावाने ओळखला जात होता.

ओळखीची सुरुवात कथेपासून करू नये, यंत्रापासून करावी. ‘सत्तावन्नच्या बंडातली’ म्हणून दाखवलेल्या रायफलीला बाहेर घोडा नसून चापाखाली खालीवर होणारा दांडा असेल तर ती सत्तावन्नची नाही. ही मार्टिनी-हेन्रीची रचना ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारली. ‘शिवकालीन’ बंदुकीला टोपी चढवण्याची बोंडी असेल तर तिचाही दावा तिथेच संपतो, कारण टोपीची बंदूक १९व्या शतकातली. सातारा-सांगलीत प्रतिसरकारच्या, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या समांतर सरकारच्या, काळातली म्हणूनही काही हत्यारे दाखवली जातात. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारच्या तुफान सेनेने बंदुका जमवल्या, काही गोव्याकडून आणल्या, हे खरेच आहे. तो दावा यंत्रावरून खोडता येत नाही आणि सिद्धही होत नाही, कारण तोवर सगळी जुनी हत्यारे बाजारात फिरून चुकली होती. तिथे कागद किंवा साक्षीदार लागतो.

या भागात भेटणारी पहिली एकबारी रचना म्हणजे स्नायडर. ही मुळात ठासणीची बंदूक. तिच्या नळीचे मागचे टोक कापून तिथे उजव्या बाजूला बिजागरीवर उघडणारा ठोकळा बसवला. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची ही युक्ती ब्रिटिशांनी १८६६ साली घेतली. बाहेरचा घोडा आणि बाजूची कुलूपपट्टी ठासणीच्या बंदुकीसारखीच राहिल्यामुळे माळ्यावरच्या अंधारात ती ठासणीची वाटते. ठोकळा उजवीकडे उलथून मागे ओढता आला की शंका मिटते.

दुसरी मार्टिनी. बाहेर घोडा नाही, उजव्या अंगाला पाण्याच्या थेंबाच्या आकाराची एक खुंटी, आणि चापाच्या कड्याला बिलगून मागे जाणारा लांब दांडा. दांडा खाली ओढला की मागच्या बाजूने अडकवलेला ठोकळा पुढून खाली झुकतो, काडतुसाचे तोंड उघडे पडते आणि त्याच ओढीत आतली कमान ताणली जाते. थेंबाची खुंटी कमान ताणलेली आहे की सैल, ते सांगते. अंधारातसुद्धा अंगठ्याने ते कळते. झुकत्या ठोकळ्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या हेन्री पीबडीची, ती सुधारली स्वित्झर्लंडमधल्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीने, आणि नळीतले सात बाजूंचे पेच एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीचे. मूळ मार्टिनी-हेन्रीचा बोअर (नळीचा आतला व्यास) ०.४५० इंच, काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी. पुढे हीच रचना ०.३०३ साठी नव्या नळ्या लावून चालवली गेली, आणि छोट्या रूपात नेमबाजीच्या मैदानावर तिने मूळ रायफलीपेक्षा जास्त आयुष्य काढले.

छोट्या मार्टिनींचा पसारा बोअर युद्धानंतर वाढला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांची नेमबाजी पाहून ब्रिटनमध्ये लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पाठिंब्याने गावोगाव छोट्या बोअरचे क्लब निघाले, आणि बर्मिंगहॅमच्या बीएसएने त्यांच्यासाठी ०.२२ च्या मार्टिनी घडवल्या. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे चित्र हा बीएसएचा छाप. तो सांगाड्याच्या बाजूला सापडतो. यांतल्या बऱ्याच रायफलींत लिएजच्या फ्रांकोतची सोय वापरली आहे : सगळे यंत्र एका चौकटीवर बसवलेले, एक आडवी पिन काढली की पूर्ण जुडगा खालून हातात येतो. मोठी मार्टिनी आणि छोटी मार्टिनी बाहेरून बहिणी दिसतात. आत त्या दोन वेगळ्या घरच्या आहेत. एकीची पद्धत दुसरीवर चालवल्याने जितक्या रायफली बिघडल्या तितक्या गंजाने बिघडल्या नसतील.

तिसऱ्या प्रकारात ठोकळा झुकत नाही, सरळ खाली घसरतो. जॉन फार्कर्सनने १८७२ साली पेटंट घेतलेली आणि ब्रिस्टलच्या गिब्जने बनवलेली रायफल या घराण्यातली सर्वांत नावाजलेली. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरची विंचेस्टरची १८८५ सालची एकबारीही याच पठडीतली. शाळांतून आणि एनसीसीच्या तुकड्यांतून उतरलेली पॉइंट टू-टू रायफल यापेक्षा निराळी. बोल्टच्या ली-एनफिल्डलाच आत बारीक नळी घालून ती एकबारी केली, खालची मॅगझिनची पेटी नुसती दिखाव्याला ठेवली, आणि रिकाम्या पुंगळ्या त्या पेटीत पडू लागल्या. पेटी दिसते म्हणून तिला एकबारी म्हणायला लोक तयार होत नाहीत.

यंत्र ओळखले की खुणांकडे यावे. नळीच्या मागच्या भागावर परीक्षागृहाचे, म्हणजे नळी बाराचा दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम परीक्षागृहाच्या जुन्या ठशात मुकुटाखाली एकमेकांवर आडवे दोन राजदंड, १९०४ नंतर मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि बिनधुराच्या दारूसाठी एनपी ही अक्षरे. लिएजच्या ठशात लंबगोलात ईएलजी; त्यावर मुकुट असेल तर नळी १८९३ नंतरची. बाणाचा ठसा ब्रिटिश सरकारी मालकीचा, बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा, आणि दोन बाण टोकाला टोक भिडवलेले असतील तर ती रायफल सरकारने रीतसर मोडीत काढून विकलेली. बाजारात येणाऱ्या कित्येक ‘चोरीच्या’ रायफली या एका ठशाने सुटतात.

नळीवरचे नाव कारखानदाराचेच असते असे नाही. कलकत्त्याचे मँटन किंवा रॉडा, मुंबईतले आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स यांनी विलायतेत बनलेल्या रायफली स्वतःच्या नावाने विकल्या. त्या नावाखाली परीक्षागृहाचा ठसा पाहिला की रायफल कुठे घडली ते समजते. वायव्य सरहद्दीवरच्या लोहारांनी केलेल्या नकला हा निराळाच विषय. त्यांतली मार्टिनी दुरून अस्सल वाटते; जवळून पाहिली की एनफिल्ड कारखान्याच्या नावातले एखादे अक्षर उलटे असते, मुकुट वाकडा असतो, आणि ठसा एकाच घावात बसवण्याऐवजी टाचणीने कोरलेला असतो. अक्षरे न वाचता नुसता आकार पाहून घडवणाऱ्या हाताची ती सही.

बोअर मोजताना नावापेक्षा मापावर विश्वास ठेवावा. नळीच्या तोंडाला व्हर्निअर लावून आलेला आकडा पेचाच्या कडेवरचा असतो, खोलीचा नसतो. मऊ शिशाची गोळी नळीतून हळूच रेटून काढली तर तिच्यावर दोन्ही मापे उमटतात. तारीख ठरवायला इथे एक विचित्र मदत होते. २०व्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात ०.४५० बोअरच्या खाजगी रायफलींवर बंदी घातली, कारण त्या बोअरचा दारूगोळा सरहद्दीवरच्या टोळ्यांकडच्या मार्टिनींच्या कामी येईल अशी भीती होती. कारखान्यांनी लगेच ०.४६५ आणि ०.४७० काढले. म्हणून संस्थानी शिकारखान्यातली विलायती रायफल ४५० ची आहे की ४७० ची, यावरून ती त्या बंदीच्या आधीची की नंतरची याचा अंदाज लागतो. रायफलीबरोबर पेटीत सापडलेल्या काडतुसावर मात्र भिस्त ठेवू नये. बुडावर केएफ असेल तर ते खडकीच्या कारखान्याचे, पण ते याच रायफलीसाठी आणले होते हे काडतूस सांगत नाही.

रायफल नेमबाजीची होती की शिकारीची, हे तिच्या डोळ्यावरून कळते. शिकारीच्या रायफलीला मागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या आणि पुढे बारीक माशी. नेमबाजीच्या रायफलीला दस्त्याच्या मनगटामागे किंवा सांगाड्याच्या डाव्या बाजूला भोकाची चकती, पुढे बोगद्यासारख्या नळकांड्यात बदलता येणारी माशी, आणि जाड, जड नळी. चकती हरवलेली असते, विकलेली असते. पण ती जिथे बसे तिथे सांगाड्यावर एकमेकांजवळ दोन बारीक भोके राहतात, कुणी तरी ती पितळेने बुजवलेली असतात, आणि रंगातला फरक नखाने चाचपला तरी लागतो. एखादी रायफल कधी चांदमारीच्या मैदानावर होती याचा त्याहून चांगला पुरावा बहुधा मिळत नाही.

या दोन जिल्ह्यांत रायफलीची अवस्था वाचताना ती कुठे ठेवली होती हे विचारणे उपयोगी. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात नळीला आतून गंज धरतो. माण, आटपाडी आणि जतच्या कोरड्या उन्हाळ्यात अक्रोडाचा दस्ता आकसतो आणि मनगटाशी तडकतो. कृष्णाकाठच्या घरांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचा गाळ यंत्रात शिरलेला असू शकतो. अशी रायफल उन्हात वाळवली तर दस्ता वाकतो. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने काढून सावलीत, वाऱ्यावर सुकवावी आणि लोखंडावर हलके तेल धरावे.

तरी सर्वांत हट्टी घाण पुराची नसते, पूजेची असते. खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू वाहण्याची रीत घरोघर आहे, आणि वर्षानुवर्षांचे कुंकू खोबरेल तेलात कालवले जाऊन ठोकळ्याच्या सांध्यात तांबूस लाखेसारखे घट्ट बसते. हळदीची पेठ असलेल्या सांगलीत हे पाहायला मिळाले तर नवल नको. दांडा हलत नाही म्हणून जी रायफल ‘जाम झाली’ असे म्हणतात, ती पुष्कळदा गंजलेली नसते. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर सांध्यावर ठेवले की सकाळी दांडा हलतो. कुंकू बाहेरच्या बाजूला वाहायचे तर कागदाच्या कपट्यावर वाहावे. चिंच आणि राख लावून भांडी घासतात तशी नळी घासणे हा मात्र भक्तीचा भाग नव्हे. त्यात परीक्षेचे ठसे पुसतात, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ८व्या कलमाने बंदुकीवरील नाव, क्रमांक वा खूण पुसणे हा गुन्हाही आहे.

त्याच कायद्यातले ४५वे कलम जुन्या हत्यारांना सूट देते, पण ती सूट नेमकी वाचावी लागते. जुन्या घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे वा नादुरुस्त हत्यार दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल, तरच ते कायद्याबाहेर. वयाची शंभरी उलटली एवढ्याने चालती मार्टिनी सुटत नाही. तिला परवाना लागतो. दुरुस्तीचा व्यवसायही ५व्या कलमाखाली परवान्याचाच आहे. म्हणून पुढे सांगितलेली उकल म्हणजे परवान्यातल्या किंवा संग्रहालयातल्या रायफलीची ओळख आणि जपणूक. बंद पडलेले हत्यार चालू करण्याची कृती नव्हे.

उकल सुरू होण्याआधी नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे. दांडा उघडत नसेल तर बारीक लाकडी काठी तोंडातून आत सोडावी, तोंडाशी तिच्यावर खूण करावी, काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरावी. काठीचे टोक ठोकळ्यापर्यंत पोचत नसेल तर आत काही तरी आहे. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच भिंतीवर टांगल्या गेल्याची उदाहरणे आहेत, आणि शंभर वर्षांची काळी दारू कोरडी राहिली असेल तर ती जिवंतच समजावी. तिथे थांबून जाणकाराला बोलवावे.

दुसरी तपासणी पेचांच्या खाचांची. चांगल्या विलायती रायफलीच्या पेचाची खाच अरुंद, सरळ भिंतींची आणि नळीच्या रेषेत उभी असते. खाच रुंदावली असेल, कडा उसवल्या असतील किंवा ती तिरकी थांबली असेल, तर आधी कुणी तरी आत गेलेले आहे आणि आतले भाग मूळचे असतील असे धरता येत नाही. बाजारू पेचकसाचे टोक पाचरीसारखे असते, ते खाचेच्या वरच्या कडेला धरते आणि घसरले की दस्त्यावर ओरखडा काढते. टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासून खाचेत घट्ट बसवावे.

मोठ्या मार्टिनीचा ठोकळा काढणे मोजक्या हालचालींत होते. थेंबाच्या खुंटीला अडवणारा छोटा पेच तिच्यापासून सुटा होईपर्यंत वळवायचा, पूर्ण काढायचा नाही. मग खुंटी समोरच्या बाजूने ढकलून बाहेर. त्यानंतर ठोकळ्याला मागे धरून ठेवणारी चिरलेली आडवी पिन. चिरलेले टोक कुठल्या बाजूला आहे ते पाहून, ती बसवली असेल त्याच्या उलट दिशेने, पितळी पंचाने हलके ठोके देत काढायची. दांडा पुढे करून अंगठ्याने ठोकळ्याचे पुढचे टोक दाबले आणि दांडा मिटत आणला की ठोकळ्याची मागची बाजू उसळून वर येते. तो हातात आला की सांगाडा रिकामा दिसतो, आणि ठोकळ्याच्या माथ्यावरची ती पन्हाळी, जिच्यावरून काडतूस आत घसरत जाई, पहिल्यांदा नीट पाहता येते. पन्हाळीच्या तळाशी चकाकलेली झीज असेल तर रायफल खूप चाललेली आहे, बाहेरून कितीही नवी दिसो.

इथे बहुतेक वेळा थांबावे. ठोकळ्याच्या आत ताणाची गुंडाळी कमान आणि तिने ढकलला जाणारा स्ट्रायकर असतो. पुढच्या तोंडाचा नट काढला की कमान सुटते आणि डोळ्याचा नेम धरते. स्ट्रायकर मोडल्याची खात्री असेल तरच तिथे जावे. सांगाड्यातून नळी पेचून काढू नये. ती कारखान्यात जिथे येऊन थांबली तिथेच तिची माशी सरळ उभी राहते; पुन्हा बसवली की रेषेत येईलच असे नाही, आणि काढताना ठसे तुटतात. दस्ता मागच्या पत्र्याखालच्या लांब पेचाने धरलेला असतो. कोरड्या दिवसांत तो पेच आवळून ढिलाई काढण्याचा मोह होतो, आणि पावसाळ्यात लाकूड फुगले की मनगटाला चीर पडते.

छोट्या मार्टिनीत, जिथे फ्रांकोतची सोय आहे तिथे, सांगाड्याच्या पुढच्या खालच्या भागातली एकच आडवी पिन काढून दांडा धरून खाली ओढले की सगळा जुडगा येतो. हा जुडगा सांगाड्यात परत बसवताना जबरदस्ती करू नये. मागचा आकडा खोबणीत गेला की पुढचा भाग हाताच्या दाबाने बसतो. बसत नसेल तर काही तरी उलटे आहे. स्नायडरमध्ये प्रश्न निराळा : कुलूपपट्टीचे दोन पेच सोडले की चपटी कमान दिसते, ती कमानीच्या चिमट्याशिवाय काढू नये, नाहीतर तिचा पाय मोडतो. फार्कर्सन मात्र उघडूच नये. तिचे यंत्र जुळवलेल्या घड्याळासारखे आहे, आणि ती ओळखायला उघडण्याची गरज पडत नाही.

जोडणी उलट्या क्रमाने होते, पण तोच क्रम आठवणीवर सोडू नये. प्रत्येक पिन निघाली त्याच बाजूने परत गेली पाहिजे. जुन्या कारखान्यांत त्या किंचित निमुळत्या किंवा बाजूनुसार घासलेल्या असत. काढलेले भाग पांढऱ्या कापडावर काढले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावेत, आतल्या ठोकळ्यावर, दांड्यावर आणि नळीखाली ठोकलेले छोटे आकडे तिथेच टिपून घ्यावेत. हे आकडे जुळले तर सगळे भाग एका जन्माचे. जुळले नाहीत तर रायफल कधी तरी दोन रायफलींतून उभी केलेली. वंगण म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. शेवटी रिकाम्या नळीने दांडा दहा-बारा वेळा चालवावा : ठोकळा खाली गेला की पुंगळी काढणारी जिभली झटक्याने उसळली पाहिजे, दांडा मिटल्यावर ठोकळ्याचा माथा सांगाड्याच्या काठाशी सपाट यायला हवा, आणि थेंबाची खुंटी ताणलेल्या व सैल अशा दोन्ही स्थितींत वेगवेगळी जागा दाखवायला हवी. मग बोअर, ठसे, आतले आकडे, पेचांची अवस्था आणि काय काढले व काय काढले नाही, एवढे एका कार्डावर लिहून ते कार्ड चापाच्या कड्याला सुती दोऱ्याने बांधावे. तारेने बांधू नये, पहिल्याच पावसाळ्यात तिचा गंज कड्यावर उतरतो.